दर्याकडची बाजू

मामू गेला हे अम्मीने मला सांगितलंच नाही. मी युनिव्हर्सिटीच्या बसमध्ये होते, ती फुजैऱ्याला हॉस्पिटलमध्ये. फोनवर तिने विचारलं, "तिकडे इटलीत तो बरा होता ना गं?" एवढंच. तिच्या आवाजावरून मला कळलं. मी म्हणाले, "हो अम्मी, बरा होता," आणि मोहम्मद बिन झायद सिटी, म्हणजे आमचा भाग, येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. त्याला आता काही आठवडे झाले. अम्मीने तोच प्रश्न त्यानंतर बऱ्याचदा विचारला आहे, कधी भाजी निवडताना, कधी गाडीत सिग्नलला थांबल्यावर. मी दर वेळी हो म्हणते. पण खरं सांगायचं तर मला ते माहीत नाही. मामूची आठवण म्हणून लिहायला बसले आहे, आणि लिहिता लिहिता तेही कळलं तर बरं, असं वाटतं.

मामू म्हणजे अम्मीचा मोठा भाऊ. आमचं गाव रत्नागिरीच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी. मी दहावीपर्यंत तिथेच मराठी शाळेत होते, मग अब्बांनी आम्हाला अबू धाबीला आणलं. मामू तरुणपणी तेलाच्या जहाजांवर खलाशी होता. नंतर तो अमिरातीच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, फुजैऱ्याला राहिला. तिथे बंदराबाहेर मोठी जहाजं नांगर टाकून उभी असतात, त्यांना इंधन पोचवणाऱ्या बार्जवर तो काम करायचा. मामी आणि मुलं गावी. सुट्टी मिळाली की तो बसने आमच्याकडे यायचा, पिशवीत बर्फात गुंडाळलेली मासळी घेऊन. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. मी काय शिकते हे त्याला नीट समजत नव्हतं, पण दर वेळी तो विचारायचा, "काय म्हणतंय पुस्तक?" आणि मी सांगितलेलं सगळं ऐकून घ्यायचा.

आमच्या गावात डावं-उजवं कोणी म्हणत नाही. घर दर्याकडे असतं नाहीतर डोंगराकडे. जेवायला बसलेल्या माणसालासुद्धा "जरा दर्याकडे सरक" असं सांगतात. मामू ही सवय घेऊन फुजैऱ्याला गेला आणि फसला, कारण तिथे सगळं उलटं. गावात सूर्य दर्यात बुडतो, फुजैऱ्यात तो दर्यातून वर येतो. गावात नमाजाला किबल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, उभं राहिलं की तोंड दर्याकडे, फुजैऱ्यात तोंड डोंगराकडे आणि दर्या पाठीशी. सुरुवातीला तो खोलीवर जायला निघायचा आणि भलत्याच बाजूला डोंगराच्या पायथ्याशी पोचायचा. अम्मी त्याला चिडवायची, "भाई, तुला जहाजावर ठेवला तरी कसा?" तो म्हणायचा, "जहाजावर चारी बाजूंना दर्या. चुकणार कुठे?" हा विनोद आमच्या घरात इतक्या वेळा झाला की मामू रस्ता चुकला हे ऐकून कोणालाच काही वाटत नसे.

गेल्या उन्हाळ्यात युनिव्हर्सिटीतून आम्हा काही विद्यार्थ्यांना एका छोट्या कोर्ससाठी इटलीत जेनोवाला पाठवायचं ठरलं. अम्मी मला एकटीला पाठवायला तयार नव्हती. अब्बांना वर्कशॉपमधून सुट्टी नव्हती. मामू ताटावर बसला होता, तो मान वर न करता म्हणाला, "मी जातो बरोबर." आम्हाला वाटलं तो गंमत करतोय. मग त्याने सांगितलं की जहाजावर असताना तो त्या किनाऱ्यासमोरून कितीतरी वेळा गेला होता. तेलाच्या जहाजाचं काम उरकलं की लगेच निघायचं, त्यामुळे पाय कधीच लागला नाही. डोंगराच्या पोटात चिकटलेली रंगीत गावं त्याने फक्त डेकवरून पाहिली होती. "त्या गावांतून दर्या कसा दिसतो ते बघायचं," तो म्हणाला. अम्मी म्हणाली, "दर्या तो दर्याच ना." तो म्हणाला, "बघून आल्यावर सांगतो."

कोर्सच्या मधल्या सुट्टीच्या दिवशी आम्ही त्या गावांकडे निघालो. स्टेशनवर एक बांगलादेशी माणूस पाण्याच्या बाटल्या विकत होता. मामूने त्याला लगेच हिंदीत गाठलं. "भाई, पहले ये हरी मशीन में टिकट पंच करो," तो बाटलीवाला म्हणाला, "नहीं तो फाइन मारेगा." मामूने पंच केलं. पण इकडे अमिरातीत मेट्रोत आणि बसमध्ये चढताना कार्ड टेकवायचं आणि उतरतानाही टेकवायचं ही सवय त्याच्या हाडात. त्यामुळे उतरल्यावरही तो मशीन शोधत फिरला आणि तिकिटावर दुसऱ्यांदा शिक्का मारून आला. मी म्हणाले, "मामू, उतरताना नसतं इथे." तो म्हणाला, "मग आपण उतरलो हे त्यांना कळणार कसं?"

गाडीत तो उजवीकडे खिडकीशी बसला होता. "दर्याकडची बाजू माझी," असं त्याने आधीच जाहीर केलं होतं, कुठल्याही गाडीत तो हे म्हणायचाच. पण त्या मार्गावर बोगदेच बोगदे. मधेच अचानक उजेड, खाली निळं पाणी, एखादी होडी, आणि लगेच पुन्हा काळोख. मामू प्रत्येक बोगद्यात वाट बघायचा आणि बाहेर आलो की "आला, आला" म्हणत बोट दाखवायचा, जणू काही दर्या मधल्या वेळात पळून गेला होता.

आम्ही वेर्नात्साला उतरलो आणि तिथून कोर्निल्याला चालत निघालो. वाट दगडी पायऱ्यांची, अरुंद, एका अंगाला द्राक्षांचे मळे आणि दुसऱ्या अंगाला खाली दर्या. मळ्यांना आधार द्यायला नुसत्या दगडांवर दगड रचलेले गडगे. मामूने एका गडग्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हे आपल्याकडच्याच माणसांनी रचलेत." थोडं पुढे गेल्यावर पायऱ्यांकडे बघून म्हणाला, "ही तर आपली पाखाडी गो." तो खूश होता, हे मी खात्रीने सांगू शकते. समोरून येणाऱ्या प्रत्येक गोऱ्या माणसाला तो वाट द्यायचा, छातीवर हात ठेवायचा आणि चला-चला म्हणावं तसं अरबीत "यल्ला, यल्ला" म्हणायचा. एक म्हातारी बाई थांबून त्याच्याशी इटालियनमध्ये बरंच काही बोलली. त्याने सगळं ऐकलं आणि मला सांगितलं, "गुडघे दुखतात म्हणते."

चढ संपला तिथे मी पाणी प्यायला थांबले. मामू म्हणाला, "तू ये सावकाश, मी पुढे होतो." वाट एकच होती, त्यामुळे मला काळजी वाटली नाही. पण कोर्निल्या गावात पोचले तर तो कुठेच नव्हता. गाव एवढंसं, एक गल्ली, एक चर्च, टोकाला दर्यावर उघडणारा कट्टा. मला वाटलं तो कट्ट्यावरच असणार, दर्याकडे बघत. नव्हता. त्याचा फोन बंद. सकाळपासून सगळ्यांना व्हिडिओ कॉल करून त्याने बॅटरी संपवली होती. मी आल्या वाटेने परत वर गेले... आणि गावाच्या जरा वर, वाटेपासून आत, मळ्यातल्या एका गडग्यावर तो बसलेला दिसला. तोंड डोंगराकडे, दर्या पाठीशी. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. मी हाक मारली. त्याने मान वळवली, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "दर्या कुठे गेला गं?"

मी हसले. मला वाटलं तो बोगद्यातल्यासारखी गंमत करतोय. त्याच्या मागे एवढा मोठा दर्या, वारा, खाली लाटांचा आवाज. मी म्हणाले, "मागे बघ." त्याने मागे बघितलं, बराच वेळ. मग उठला, पँट झटकली, "चल, भूक लागली," म्हणाला. गावात जाऊन आम्ही तिथला तेल लावलेला जाड पाव खाल्ला, त्याने दोनदा घेतला. स्टेशन खाली दर्याजवळ आहे, तिथे उतरायला विटांच्या वळणावळणाच्या लांबलचक पायऱ्या आहेत. त्या तो माझ्या पुढे उतरला, कुठेही न अडखळता.

परतीच्या गाडीत तो पुन्हा उजवीकडे बसला. गाडी उलट्या दिशेने चाललेली, त्यामुळे आता दर्या डावीकडे. बोगद्यातून बाहेर आलो की त्याच्या खिडकीत नुसता डोंगर. मी सांगितलं, "मामू, तुझी बाजू तिकडे राहिली." तो म्हणाला, "जाताना इकडे होता ना? मग येताना पण इकडेच यायला नको?" आणि तिथेच बसून राहिला. हे सगळं तो आयुष्यभर बोलत आला होता तसंच होतं. त्यात मला वेगळं काय दिसायला हवं होतं, हे मी अजून स्वतःला विचारते.

दुसऱ्या दिवशी जेनोवाच्या जुन्या भागात मीच रस्ता चुकले. गल्ल्या इतक्या अरुंद की फोनवरचा नकाशाही गोंधळला. मामूने क्षणभर थांबून पायाखालच्या दगडांकडे बघितलं, हवा हुंगली आणि म्हणाला, "पाणी जिकडे वाहील तिकडे चल." आम्ही थेट बंदरावर बाहेर पडलो. त्याने मला टपली मारली. "पुस्तकात नाही वाटतं हे?" त्या दिवसाचं आठवलं की वाटतं, तो पूर्ण बरा होता. आदल्या दिवसाचं आठवलं की वाटतं...

परत आल्यावर काही महिन्यांनी तो खरंच हरवला. बार्जवरून उतरून खोलीवर जायच्या ऐवजी डोंगराच्या रस्त्याला लागला, आणि या वेळी तो स्वतःहून परत फिरला नाही. त्याच्या खोलीतल्या माणसाने शोधून हॉस्पिटलला नेलं. डोक्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी अम्मीला विचारलं, "पहले कभी रास्ता भूलते थे?" अम्मी आधी हसली आणि मग रडायला लागली. काय सांगणार होती ती? तो तर कायमच चुकायचा. मग ती माझ्याकडे वळली, कारण शेवटचे काही बरे दिवस त्याने माझ्याबरोबर काढले होते. गाठ तेव्हाच होती का, त्याला काही कळत होतं का, तो घाबरला होता का, हे मी सांगावं असं तिला वाटत होतं. मी तिला पाव सांगितला, म्हातारी बाई सांगितली, गल्ल्या सांगितल्या. गडग्यावरचं सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही, तर ते कसं सांगायचं तेच कळत नव्हतं.

मामूला फुजैऱ्यातच दफन केलं. मामीनेच फोनवर तसं करायला सांगितलं. नंतर एका शुक्रवारी अम्मी आणि मी त्याची खोली आवरायला गेलो. सामान थोडंच होतं. कोपऱ्यात त्याची जानमाज, नमाजाची चटई, अंथरलेलीच होती, डोंगराकडच्या भिंतीकडे तोंड करून. खिडकी तिच्या मागे, आणि खिडकीत नांगरलेली जहाजं. अम्मी दमून त्या जानमाजवर बसली. भिंतीकडे तोंड, दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. मी दारात होते. मला एकदम तो गडगा दिसला, आणि मग मी तिला सगळं सांगितलं. तो कसा बसला होता, काय म्हणाला, मी कशी हसले.

अम्मीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "वेळ काय होती?"

"दुपार कलली होती."

"अस्रची वेळ. नमाजाला बसला असेल तो. इथे बसतो तसा."

मी म्हणाले, "पण अम्मी, तिकडे किबला डोंगराकडे नव्हता. जेनोवातल्या खोलीत आम्ही फोनवर बघितला होता. तिरका येतो, कपाटाच्या कोपऱ्याकडे. त्याला माहीत होतं."

"त्या दिवशी फोन बंद होता म्हणालीस ना?"

"हो."

"मग सवयीने बसला असेल. फुजैऱ्यासारखा." तिने जानमाजवरून हात फिरवला. "नाहीतर विसरला असेल कुठे आहे ते. तेही असेल." मग म्हणाली, "पण बसला होता ना शांत?"

"शांत होता. हसला माझ्याकडे बघून."

"बस मग," अम्मी म्हणाली. उठली, आणि मामू नमाज झाल्यावर करायचा तसा जानमाजचा एक कोपरा दुमडला.

त्यानंतर तिने मला इटलीचं विचारलेलं नाही. तिचं समाधान झालं का, मला ठाऊक नाही. माझं झालेलं नाही. मामू कबरीत कुशीवर आहे, किबल्याकडे, म्हणजे तोंड डोंगराकडे, दर्या पाठीशी. मी त्याला गडग्यावर पाहिलं होतं अगदी तसाच. हा विचार आला की बरंही वाटतं आणि पुन्हा गोंधळायलाही होतं.

जानमाज आता आमच्याकडे आहे. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या फ्लॅटमधून दर्या दिसत नाही. खिडकीत समोरची इमारत, एसीचे डबे आणि पार्किंग. परवा नमाज झाल्यावर मी त्यावर तशीच बसून राहिले, हात मांडीवर ठेवून. इथून दर्या नक्की कुठल्या बाजूला, असा विचार करत होते. खूप प्रयत्न केला, पण काही केल्या सांगता येईना. अम्मी आत आली आणि म्हणाली, "काय गो, काय शोधतेस?"

मी म्हणाले, "दर्या कुठे गेला गं?"

ती हसली. मग माझ्या बाजूला, जानमाजच्या कडेशी बसली, आणि आम्ही दोघी मिळून बराच वेळ ठरवत राहिलो.