बापूजींच्या झाडांचा पाहुणचार

सौंसरजवळच्या शेतात बापूजी संत्र्याच्या झाडांना नुसतं पाणी देत नसत, पाहुणचार करत. बहराआधी, झाडं एकदम फुलावीत म्हणून, अख्खं गाव पाणी तोडून झाडांना ताण देई. बापूजींची मोटार मात्र चालूच. तहानलेलं झाड पाहिलं की कोरड यांच्या घशाला.

यंदा खोलगटातली झाडं पिवळी पडली. बापूजींनी युरिया टाकून बुंध्यांभोवतीची आळी पाण्यानं तुडुंब भरली. झाडं आणखी पिवळी झाली, म्हणून आणखी युरिया, आणखी पाणी. शेवटी झाडं उपटून कापूस लावायचा, असं त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी ठरवलं आणि सोमवारी जेसीबी बोलावला.

रविवारी नात सुचिता छिंदवाड्याहून आली. ती कॉलेजात जिवाणू शिकते. तिनं आळ्यातला चिखल हुंगला आणि सांगितलं, की पाण्यानं मातीतली हवा बंद झाली आहे. हवा नसली की काही जिवाणू युरियापासून झालेल्या नायट्रेटवर श्वास घेतात. त्यांच्याकडे चार एन्झाइमं असतात, स्लॅब टाकताना घमेलं हातोहात देणाऱ्या टोळीसारखी. पहिलं पेशीच्या पडद्यात रुतलेलं, पोटात मॉलिब्डेनम हा धातू धरून. ते नायट्रेटमधला एक ऑक्सिजन काढून उरलेलं पुढच्याकडे देतं. पुढचीही तेच करतात. शेवटच्याकडे तांबं असतं. ते राहिलेला ऑक्सिजन काढून नुसता नायट्रोजन सोडतं. तो हवेत जातो, झाडाच्या हाती काही नाही.

"म्हंजे माह्या खताचा वायू करून राहिले हे?" बापूजींनी विचारलं.

"हवा भेटली तर नायट्रेटले कायले हात लावतीन ते, आबा? तुमीच त्याहीची हवा बंद केली."

खताचं बापूजींना फारसं वाटलं नाही. आपण पाणी पाजत असताना आपल्याच बागेत कोणाचा तरी श्वास कोंडला, हे मात्र लागलं. मुळांचाही कोंडला असणार, असं सुचिता म्हणाली, तेव्हा ते उठले आणि मोटार बंद करून आले.

सोमवारी जेसीबी आला. बापूजींनी ड्रायव्हरला झाडांना हात लावू दिला नाही. ओळींच्या मधून नाल्यापर्यंत चर खोदायला लावला. साचलेलं पाणी निघालं. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून शेजारचा कुलदीप म्हणाला, "काऊन बापूजी, पाहुण्याइचं ताट उचलून राहिले का?"

"पोट कवाचंच भरलं होतं बे त्याहीचं. मीच उठू देत नोहतो."

मनकर्णाबाईंनी कापसाचा विषय एका बहरापुरता मागे घेतला, आणि मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीची चावी स्वतःच्या पदराला बांधली.