कोटातली चटणी
कांदा-लसणाची ताजी चटणी कुटली, की मला माझा लोकरी कोट आठवतो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी कोल्हापूरहून परदेशी शिकायला निघाले होते, विमानानं. मंगळवार पेठेतल्या वाण्याच्या काट्यावर पेटी नियमाच्या वजनात कशीबशी बसली, पण चटणी बाहेरच राहिली. अंगावरचे कपडे तोलत नाहीत, हे कळल्यावर आईनं कोटाच्या अस्तराला आतून खिसे शिवले. म्हणाली, "मग चटणी अंगावरनंच जाईल की!" मुंबईच्या विमानतळावर भर मे महिन्यात मी घामानं निथळत होते. कारकून म्हणाला, "कोट काढा, बाई." मी म्हटलं, "न्हाई काढणार, पावणं. थंडी वाजतीया." तो दोनदा शिंकला आणि त्यानं मला जाऊ दिलं. आज परदेशी निघालेला नातू म्हणाला, "आजी, हातातली बॅग सात किलोचीच चालते. चटणी नको." मी त्याचं जाकीट मागून घेतलं आणि सुईत दोरा ओवला.