न कापायचं कापड

आमच्या रत्नागिरीत घाट चढून गेलेला माणूस परदेशी गेला असंच धरतात. जिथे ताजा बांगडा मिळत नाही तो परदेश, अशी साधी व्याख्या आहे. त्यामुळे बीड जिल्ह्यात लग्नाला जायचं ठरलं तेव्हा बायकोने भर वैशाखात माझ्या बॅगेत मफलर भरला. "परक्या मुलखाचं काय सांगावं," म्हणाली. लग्न माझा मित्र बळीराम याच्या मुलीचं, सारिकाचं. बळीराम आणि मी रत्नागिरीत एकाच शाळेत मास्तर होतो. निवृत्त झाल्यावर तो वडवणीजवळच्या आपल्या गावी परतला आणि शेळ्या पाळू लागला. दोन्ही कामांत फारसा फरक नाही, शेळ्या जरा लवकर ऐकतात, असं तो फोनवर सांगत असतो.

मफलराखाली माझा ठेवणीतला रेशमी झब्बा, दोन सदरे आणि भेट म्हणून नेलेली कोकमाच्या आगळाची (मीठ घालून काढलेल्या रसाची) बाटली होती. एसटी बीडच्या अलीकडच्या पालीजवळ आली. बिंदुसरेच्या धरणातलं उरलंसुरलं पाणी उन्हात चमकत होतं आणि मी ते कौतुकाने बघत होतो, तेवढ्यात शेजारच्या गृहस्थांनी मला कोपर मारलं.

"ओ काका, तुमच्या पिशवीतून रगत गळतंय."

वरच्या फळीवरून लाल थेंब त्यांच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर पडत होते. "कोकम आहे, कोकम!" मी ओरडलो. त्यांनी बाही जिभेला लावून पाहिली. "लई आंबट हाय," एवढंच म्हणाले आणि बीड येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. स्टँडवर बॅग उघडली तर झब्बा, सदरे, टॉवेल सगळं जांभळं झालेलं. वर होता म्हणून मफलर तेवढा कोरडा राहिला.

बीडहून वडवणीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी नांगरून टाकलेली काळी रानं, बांधावर रचलेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि सावली शोधत फिरणारी मेंढरं. ऊन असं की पुरुषांनी डोकी-कान उपरण्याने गच्च बांधून घेतलेले. मीही मफलर बांधला. बायकोचा अंदाज बरोबर निघाला, ती हे वाचणार म्हणून नाइलाजाने लिहितो आहे.

बळीरामच्या दारात मांडव घातला होता आणि तो मांडववाल्याशी भांडत होता. घरात सत्ता त्याची नव्हतीच, ती त्याच्या थोरल्या बहिणीची, आक्कांची. नवरा गेल्यावर त्या भावाकडे राहायला आल्या आणि तेव्हापासून घरात येणारा-जाणारा सगळा आहेर त्यांच्या हातून जातो. मधल्या खोलीत त्या कापडाच्या खोक्यांच्या ढिगाला टेकून बसलेल्या. लाईट गेलेली. मी पाया पडतोय तोवर त्यांनी चाचपडत ढिगातून एक खोकं ओढलं, त्यावर टॉवेल, टोपी, नारळ ठेवला आणि माझ्या ओंजळीत दिलं.

"एवढ्या लांबून आलात, सर. आमच्याकून एवढं गोड मानून घ्या."

मला खरंच भरून आलं. जेवायला येसराची आमटी (भाजलेल्या डाळी-मसाल्यांच्या पिठाची) आणि भाकरी होती. ती खाऊन डोळ्यांत जे पाणी आलं त्याचा आक्कांशी संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी खोकं उघडलं. आत शर्टचं आणि पँटचं कापड, पिस्ता रंगाचं, बोटांतून घसरेल इतकं मऊ. अंगावरच्या प्रवासाच्या कपड्यांखेरीज घालायला काही नाही आणि हातात कापड आहे, तर काय करायचं हे सांगायला शहाणा माणूस लागत नाही. परमुलखात कपडे शिवून घेण्याची हौसही होतीच. टमटम पकडून वडवणीला गेलो. बाजाराचा दिवस होता. माझ्या मांडीला टेकून एक शेळी उभी होती, ती वाटभर मफलराचं टोक चघळत होती.

रशीद मास्टर या शिंप्यांचं दुकान स्टँडमागच्या बोळात. लग्नसराईमुळे कपड्यांचे ढीग छताला लागलेले. त्यांनी खोक्यावरचा कागद बाजूला केला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे तर आहेराचं दिसतंय. शिवायचं हाय?"

"मग काय तळून खायचं?"

"तसं न्हाई सर. इकडं आहेराचं कापड कुणी शिवत न्हाई. आज तुमाला दिलं, उद्या तुमी पावण्याला द्यायचं, त्यानं त्याच्या मेव्हण्याला. एक चॉकलेटी पीस हाय, मी दुकान टाकलं तवापासून तालुक्यात फिरतंय. त्याला समदी घरं पाठ झाली असतील."

"आमच्याकडे दिलेली वस्तू वापरतात," मी ताठ मानेने म्हणालो.

"कावून घाई करता? घरी विचारून तरी या."

मी ऐकलं नाही. मग त्यांनी माप घेतलं. "उंची लई हाय, रुंदी कायच न्हाई," असं सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाले. लग्न दुसऱ्याच दिवशी दुपारी होतं, म्हणून सकाळी लवकर यायला सांगितलं.

संध्याकाळी परतलो तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता. आक्का ढीग उपसून उपसून दमल्या होत्या. लाल दोरा बांधलेलं खोकं सापडत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, तुमच्या खोक्याला लाल दोरा व्हता का वो?"

दोरा होता. मीच दाताने तोडला होता.

मग मला सगळं कळलं. ते कापड इवायाचं (व्याह्यांचं) होतं. बस्त्याच्या दिवशी, म्हणजे दोन्ही घरं मिळून लग्नाचं कापड घ्यायला बीडला गेली तेव्हा, व्याह्यांनी दुकानातली गादी अडवून बसून, पंचवीस गाठोडी सोडायला लावून हे एक कापड स्वतः निवडलं होतं. त्या ताग्याचं ते शेवटचं. हे व्याही भागातले पुढारी. साखरपुड्यात फेट्याचा रंग फिका निघाला म्हणून ते उठून जीपमध्ये जाऊन बसले होते.

"शिवायला टाकलं," मी म्हणालो.

आक्का खालीच बसल्या. "शिवायला? आहेराचं?" मग हळूच म्हणाल्या, "माझ्याच हातानं झालं. उद्या भर मांडवात इवाई रुसला तर पोरीला जलमभर ऐकावं लागंल. आन मला घरात तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाई." त्या जेवल्या नाहीत. मीही जेवलो नाही. त्या बाईला मी कालपर्यंत ओळखतही नव्हतो, पण तिचं पडलेलं तोंड मला बघवेना.

उजाडताच पहिल्या टमटमने वडवणी गाठली. रशीद मास्टर शटर वर करत होते.

"मास्टर, कापड कापलं का?"

त्यांनी शांतपणे फळीवरून खोकं काढलं. घडीसुद्धा मोडली नव्हती. "आहेराचं कापड मी लगेच कातरीखाली घेत न्हाई. माणूस परत येतोच."

मी त्यांना मिठीच मारणार होतो. मग ध्यानात आलं की आता मांडवात जायला माझ्याकडे जांभळा झब्बा आणि शेळीने चघळलेला मफलर एवढंच आहे. मास्टरांनी मागच्या खुंटीवरून एक कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पांढरी पँट काढली.

"एक जण मागच्या निवडणुकीत उभा ऱ्हायलता. निकालाच्या मिरवणुकीत घालायला शिवून ठेवले, पण न्यायला आलाच न्हाई. तुमच्याच उंचीचा हाय. घालून जा, मग आणून द्या."

पोटाकडे जरा सैल होते, बाकी बेतल्यासारखे बसले. पडलेल्या उमेदवाराचे कपडे घालून मी लग्नाला गेलो आणि तिथेच घोटाळा झाला. मांडवाच्या तोंडाशी दोघांनी वाकून नमस्कार केला. एकाने खुर्ची पुसली. मी मागे बसायला निघालो तर मला उचलल्यासारखं करून व्याह्यांच्या शेजारी नेऊन बसवलं. माइकवाल्याने "कोकणातून खास आलेले आपले लाडके साहेब" असं जाहीर केलं. मी बळीरामला खुणा केल्या. "गप बसा सर, इवाई खूश हाय," तो कानात म्हणाला.

व्याही म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा डोंगर. त्यांच्या मानाची वेळ आली. बळीरामने खोकं पुढे केलं, नव्याने लाल दोरा बांधलेलं. त्यांनी कागद सारून कापडाच्या टोकावर अंगठा फिरवला. सगळा मांडव बघत होता. खांबाआड उभ्या असलेल्या आक्कांनी पदर तोंडात धरला होता. व्याह्यांनी मान हलवली. वाजंत्री वाजली आणि आक्कांचा जीव भांड्यात पडला. माझाही.

पंगती उठल्या. बुंदी जरा जास्त झाल्यामुळे मी डुलकी घेत होतो, तेवढ्यात माइकवर पुन्हा माझा पुकारा झाला. व्याही स्वतः उठले. "साहेब, आमच्याकून एक छोटी भेट," म्हणत त्यांनी माझ्या हातात नारळ, टॉवेल आणि खोकं ठेवलं. खोक्याला लाल दोरा होता. गाठ आक्कांची.

मी आक्कांकडे पाहिलं. त्यांनीही गाठ ओळखली होती. मांडवामागे त्या मला गाठून म्हणाल्या, "पांढऱ्याबिगर काय घालत न्हाई त्यो. ठाव हाय मला. तरी उपाशी झोपले." रागाने त्यांनी पदर खोचला. मग एकाएकी त्यांना हसू फुटलं आणि डोळे पुसत पुसत त्या पुष्कळ वेळ हसत राहिल्या.

सारिकाची पाठवणी झाली. दुसऱ्या दिवशी मी पांढरे कपडे परत द्यायला निघालो तर आक्का लग्नातलंच लुगडं नेसून दारात उभ्या. "म्या येते," म्हणाल्या. दुकानात जाऊन बाकावर मांडी घालून बसल्या आणि खोकं मास्टरांपुढे सरकवलं.

"काप रे रशीद."

"आक्का, तुमी सांगताय?"

"मीच सांगतेय. भावाच्या घरी आले तवापासून कापडं ह्या हातातून त्या हातात देतेय. एक बी कुणाच्या अंगावर बघितलं न्हाई. माझ्यासमोर काप."

मास्टरांनी खडूने रेघा मारल्या, कातर उचलली, पुन्हा एकदा आक्कांकडे पाहिलं आणि कापड कापलं. कातरीचा तो आवाज आक्का कान देऊन ऐकत होत्या. हातातली कामं बाजूला ठेवून मास्टरांनी दिवस कलायच्या आत कपडे शिवले. तोवर आक्का चहा पीत तिथेच बसल्या. मग मला घालायला लावले आणि म्हणाल्या, "फिरा." मी फिरलो.

"बाह्या लांब झाल्यात," मास्टर ओशाळून म्हणाले. "आखूड करून देतो."

आक्कांनी हात पुढे करून माझ्या खांद्यावरची शिवण एकदा चाचपली. "असू दे," म्हणाल्या. "अंगावर हाय ना."

तेच कपडे घालून घाट उतरलो. दारातच बायकोने विचारलं, त्यांनी आहेर काय दिला? मी म्हटलं, अंगावर आहे तोच.

"शिवून टाकलंत?" ती हळहळली. "पुढच्या महिन्यात माझ्या भाच्याची मुंज आहे. त्याच्या बापाला देता आलं असतं की!"

म्हणजे परदेश-बिरदेश काही नाही, नुसतीच लांबची एसटी. बाह्या अजून मनगटाखाली येतात. इथल्या शिंप्याकडून आखूड करून घ्याव्यात असं एकदा मनात आलं होतं, पण आक्का असू दे म्हणाल्यात.