वाकळींची मालकीण

दुष्काळाच्या साली सोसायटीच्या साखरेच्या पुडीचा कागद मी वाचला. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण पुडी वाचल्याशिवाय टाकायची नाही अशी सवय आहे. त्यात परदेशातल्या कॅटलोनिया नावाच्या मुलखातल्या एका श्रीमंत माणसाबद्दल होतं. तो चित्रकारांना पोसायचा, त्यांची चित्रं घेऊन घर भरायचा. लोक त्याला कलेचा आश्रयदाता म्हणत. पुढचा कागद फाटला होता. तेवढ्यावरच मी ठरवलं, आपणही तसंच व्हायचं.

आमच्याकडे चित्रकार कुठले? पण गल्लीतल्या एक मावशी जुन्या लुगड्यांच्या वाकळा फार सुरेख शिवायच्या. घरची ज्वारी देऊन मी त्या घेऊ लागले. पाच झाल्या. अंगावर एकही घेतली नाही. दुपारी दार लावून बाजेवर पसरायची, लांबून बघायची आणि मान हलवायची. मान कशासाठी हलवायची ते ठाऊक नव्हतं, पण तो माणूस हलवत असणार.

सगळ्यांत देखणी होती ती मावशींच्या आईच्या हिरव्या लुगड्याची. टाका असा, की मुंग्यांची रांग चाललीय.

दिवाळी झाली आणि मावशींचं घर ऊसतोडीला निघालं. पहिलटकरीण सूनही सोबत होती, दिवस भरत आलेली. निघायच्या सकाळी मावशी दारात आल्या.

"बाई, ती हिरवी वाकळ द्या. लेकरू तिकडं फडावर, पाचटाच्या कोपीतच व्हायचं."

मी आत जाऊन नवंकोरं ब्लँकेट आणलं. तान्ह्या लेकराला नव्या कापडावर निजवत नाहीत, हे तीन बाळंतपणं झालेल्या मला ठाऊक नव्हतं का? होतं. वाकळ सोडवत नव्हती.

मावशींनी ब्लँकेट चाचपलं. "हे टोचंल की लेकराला. वाकळ कावून देईनात?"

"धुवायला टाकलीय," मी म्हणाले. सगळं गाव टँकरची वाट बघत होतं.

"कोन्त्या नदीला?" मावशींनी विचारलं.

मी गुपचूप वाकळ आणून दिली.

थोड्या वेळाने ट्रॉली भरताना दिसली. मावशींनी वाकळ पेटीवर टाकली आणि तिच्यावर काळी पातेली रचली.

"मावशी, तिच्यावर भांडी नका हो ठेवू!" मी ओट्यावरून ओरडले.

सगळी ट्रॉली माझ्याकडे बघू लागली.

"मग काय डोक्यावर घिऊ, बाई?" मावशी म्हणाल्या. बाया खदखदून हसल्या. मावशींनी मात्र पातेली उतरवली, वाकळीची चौघडी घातली आणि सुनेला तिच्यावर बसवलं. "बस गं. न्हाईतर बाईचा जीव जाईल."

सुनेने अवघडलेले पाय हळूच पसरले. "लई मऊ हाय, आत्याबाई," ती म्हणाली.

ट्रॉली हलली. तेव्हा कुठे कळलं, माझा डोक्यावरचा पदर खांद्यावर आलाय आणि मागे सासरे बसलेत.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुमाला आवाज हाय की!"