खंबाटकीतले वीस सेकंद

सांगलीजवळ माधवनगरला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. भिंतीला भिंत लागून इमाम नदाफांचं ट्रक दुरुस्तीचं शेड. एकवीस वर्षांचा शेजार. शांत माणूस. नट झिजला तरी शिवी देत नाही, नुसता त्याच्याकडे बघत राहतो. त्या माणसाला मी गेल्या वर्षी पाना भिंतीवर फेकताना पाहिलं.

इमामभाई मुळात ट्रकचे मिस्त्री नव्हेत. एकोणिसाव्या वर्षी ते इथल्याच एका सूतगिरणीत लागले, हवेच्या खात्यात. सूत तुटू नये म्हणून गिरणीत दमट हवा खेळवावी लागते. त्यासाठी छताखालून पत्र्याचे डक्ट गेलेले असायचे. पंख्याजवळच्या मशीनला हवा भसाभस, टोकाच्या मशीनला नुसता वास. टोकाच्या बाया ओरडल्या की इमामभाई शिडी लावायचे आणि डक्टमध्ये पत्र्याच्या पट्ट्या वाकवून हवा पुढे ढकलायचे. गिरणी बंद पडल्यावर ते ट्रककडे वळले, पण वारा त्यांच्या डोक्यातून गेला नाही. “वारं आळशी असतंय अण्णा,” ते मला सांगायचे. “वळायला सांगितलं की रुसतंय.”

डिसेंबरात चारुशीलाबाई पिसाळांचा दहाचाकी त्यांच्याकडे आला. बाई वाईच्या. नवऱ्याला अर्धांगवायू झाल्यापासून दोन ट्रकांचा धंदा त्याच बघतात. हा ट्रक सांगलीहून हळद भरून पुण्याला जायचा आणि खंबाटकी घाटात जीव टाकायचा. काळा धूर, दुसरा गिअर, मागे गाड्यांची रांग. दोन मोठ्या वर्कशॉपांनी डिझेल पंप केला, नोझल बदलले, इंजिनात हवा कोंबणारा टर्बो तपासला. फरक नाही.

ड्रायव्हर धुळा कोळेकर वैतागून गेला होता. “मिस्त्री, मागची गाडीवाली शिव्या घालत्यात. म्या काय इंजिनाच्या जागी बसून वडू का?”

काळा धूर म्हणजे डिझेल पुरतंय, हवा कमी पडतेय, एवढं माझ्यासारख्यालाही कळतं. इमामभाईंनी इनलेट मॅनिफोल्ड खोलला. टर्बोकडून आलेली हवा सहा सिलिंडरांना वाटून देणारी ती ॲल्युमिनियमची नळी. त्यांनी आत बोट घातलं आणि त्यांचा चेहराच उजळला. हवा पुढच्या टोकाने आत येते, सहावा सिलिंडर शेवटच्या टोकाला. शिवाय मॅनिफोल्डचं भोक आणि इंजिनाच्या हेडचं भोक एकमेकांसमोर नीट येत नव्हतं, मध्ये काडीएवढी पायरी.

“ही तर आमची गिरणीच हाय अण्णा! टोकाची मशीन उपाशी.”

मूळ मॅनिफोल्डला हात लावायचा नाही, म्हणून त्यांनी भंगारातून तसलाच दुसरा आणला, गाडी तात्पुरती जोडून दिली आणि कामाला बसले. आत ग्राइंडर घालून पायऱ्या घासायच्या, वळणं गोल करायची. तिसऱ्या दिवशी पाचव्या भोकाजवळ उजेड दिसला. ओतीव धातू तिथं पातळ होता, आरपार भोक पडलं. भंगारातून आणखी एक आणला. त्याचं टोक कापून नळी रुंद केली आणि वेल्डिंगने बंद केली, तर उष्णतेने सगळा मॅनिफोल्ड केळ्यासारखा वाकला. हेडवर ठेवला की दोन्ही कडांखालून पोस्टकार्ड जायचं. कुपवाडच्या ज्या माणसाकडे तो सपाट करायला दिला, तो पाच आठवडे “उद्या या” म्हणत राहिला. इमामभाई पाच आठवडे उद्या जात राहिले. शेवटी त्यांनी तो तसाच परत आणला आणि जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून हाताने घासायला घेतला. दिवसभर खसखस, खसखस. माझ्या गिऱ्हाइकांना वाटायचं शेजारी सुतार आला.

त्यांची मुलगी नूरीन कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. तिने वारा मोजायची सोय करून दिली. गिरणीच्या भंगारातला एक पंखा, आणि निळं पाणी भरलेली पारदर्शक वाकडी नळी. पंखा लावला की प्रत्येक भोकासमोर पाणी किती चढतं ते वहीत लिहायचं. जुन्या मॅनिफोल्डच्या सहाव्या भोकाला पाणी दोन बोटं कमी चढायचं. नव्याला सहाही जवळजवळ सारखी. इमामभाईंनी मला दुकानातून ओढून नेऊन ते निळं पाणी दाखवलं. नूरीनच्या आईला, अख्तरबी भाभींनाही घरून बोलावलं. त्या म्हणाल्या, “पाणी चढलं, आता गाडी चढू दे.”

मार्चच्या शेवटी मॅनिफोल्ड बसला. हळद भरून धुळा गेला. दुपारी त्याचा फोन आला. इमामभाईंनी स्पीकर लावला, मी ऐकावं म्हणून.

“मिस्त्री, काय बी फरक न्हाई. तसाच धूर, तसाच दुसरा गिअर.”

तेव्हा पाना फेकला त्यांनी. भिंतीचा पोपडा पडला. मग दोन दिवस शेड बंद. भाभी मला म्हणाल्या, “जेवत नाहीत. ताटाकडे बघत बसतात, जसा ताटातच काही बिघाड आहे.”

पुढच्या खेपेला ते स्वतः ट्रकमध्ये बसले आणि मलाही बसवलं. “साक्षीदार पायजे,” म्हणाले. सातारा मागे पडला, सुरूर गेलं, घाट लागला आणि ट्रक रडायला लागला. आरशात धुराशिवाय काही दिसेना. माथ्यावर धुळाने गाडी बाजूला घेतली. इमामभाई उतरले, इंजिनावरची केबिन उचलून घेतली आणि एअर फिल्टरपासून एकेक वस्तू सोडवायला लागले. तपासत नव्हते, राग काढत होते. फिल्टर आणि टर्बोच्या मध्ये एक जाड रबरी होजपाइप असतो. बाहेरून ठणठणीत, कुठे चीर नाही. तो फेकावा म्हणून त्यांनी आत हात घालून धरला आणि तसेच थांबले.

आतलं अस्तर सुटलं होतं. भाजलेल्या वांग्याची साल सुटावी तसं, लांबच्या लांब. इंजिन हळू चालतं तेव्हा ते भिंतीला चिकटून राहायचं. घाटात टर्बोने जोरात हवा ओढली की ते मध्ये ओढलं जाऊन तोंडच बंद करायचं. इंजिनाचा गळा कुणीतरी आतून दाबत होतं आणि बाहेरून काही दिसत नव्हतं.

“हा पाइप दोन्ही वर्कशॉपांनी काढला असंल,” इमामभाई म्हणाले. “म्या सवता चार बार काढला. चार बार! फडक्यानं पुसला आन् बसवला. आत बोट घातलं न्हाई. मॅनिफोल्डात घातलं, ह्यात न्हाई.”

“जाऊ द्या की, घावला न्हवं?” धुळा म्हणाला.

“काय जाऊ द्या? चार म्हैनं गेलं माझं!”

धुळा येणाऱ्या टेम्पोत बसून घाटाखालच्या खंडाळ्याला गेला आणि मापाचा पाइप घेऊन आला. पुढच्या फेरीत ट्रक तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढला. धुळाने वरून फोन करून नुसता हॉर्न ऐकवला.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण इमामभाईंचा खरा वैताग इथून सुरू झाला. ट्रक पळतोय तो नव्या पाइपामुळे की मॅनिफोल्डमुळे? कळायचं कसं? एकच उपाय होता. नवा पाइप तसाच ठेवायचा, जुना मॅनिफोल्ड परत बसवायचा आणि घाट चढून बघायचा. त्यांनी चारुशीलाबाईंना फोन केला.

“मिस्त्री, गाडी चालतीये ना?”

“चालतीया बाई, पण कशामुळं चालतीया ते—”

“मग चालू गाडी खोलायची कशाला? मला माल वेळेवर पोचवायचाय.”

बाईंचं चूक नव्हतं. पण त्यांनी वाईत सगळ्यांना सांगितलं की सांगलीच्या मिस्त्रीने स्वतः मॅनिफोल्ड बनवून गाडी घाटात पळवली. मग एकेक ट्रकमालक माधवनगरला यायला लागला. “तसला मॅनिफोल्ड आम्हाला बी बसवा.” इमामभाई प्रत्येकाला पाइपाची हकिकत सांगायचे. ऐकणारा हसायचा. त्याला वाटायचं मिस्त्री गुपित लपवतोय. एक जण तर म्हणाला, “भाई, त्या बाईंचंच काम करायचं असंल तर तसं सांगा.” तो गेल्यावर इमामभाई मला म्हणाले, “खरं बोललं तर चोर ठरतोय गड्या. बसवून दिला तर खोटा ठरंन.”

जूनच्या आरंभी पुण्याच्या मार्केट यार्डात हमालांनी बंद पुकारला आणि भरलेला ट्रक वाईतच अडकला. सकाळी सातला बाईंचा फोन आला. “गाडी आज उभीच आहे. काय बघायचंय ते बघून घ्या एकदाचं. उद्या सकाळी मला गाडी जशीच्या तशी पाहिजे.”

आम्ही दहाच्या आत सुरूरला होतो. नूरीनने वही दिली होती आणि बजावलं होतं, “अब्बा, एकदाच मोजू नका. प्रत्येकाला निदान दोनदा तरी.” पायथ्याच्या पुलापासून माथ्यापर्यंत वेळ मी मोबाइलवर मोजला. नव्या मॅनिफोल्डला सोळा मिनिटं दहा सेकंद. बोगद्यातून खाली आलो, वळसा घालून परत सुरूरला. रस्त्याकडेला दोन तास खपून त्यांनी जुना बसवला. गरम इंजिनाने दोन्ही मनगटं पोळली. सोळा मिनिटं तीस सेकंद.

वीस सेकंद.

त्यांनी आकडा वहीत लिहिला. पुन्हा खाली आलो. जुन्याचीच दुसरी फेरी सुरू केली आणि तिसऱ्या वळणावर एक ट्रेलर आडवा बंद पडलेला. पावणेदोन तास तिथंच. इमामभाई खाली उतरले, त्या ट्रेलरच्या चाकाला लाथ मारली आणि पाय धरून बसले. रस्ता मोकळा झाला तेव्हा वेळ उरला नव्हता. नवा मॅनिफोल्ड परत चढवून गाडी वाईला पोचवायची होती.

“वीस सेकंद तर वीस सेकंद,” धुळा म्हणाला. “फायदाच हाय की.”

“एका गिअरला तू उशीर केलास तरी वीस सेकंद जात्यात रं,” इमामभाई म्हणाले. “म्हंजी काय कळलं? कायबी न्हाई कळलं.”

घरी नूरीनने वही पाहिली आणि तेच सांगितलं, जरा गोड शब्दांत. भाभींनी मनगटांना तूप लावलं.

गेल्या आठवड्यात बाईंचा दुसरा ट्रक आला. “ह्यालाही तसलाच बसवा,” फोनवर म्हणाल्या.

“न्हाई बसवणार.”

“का हो?”

इमामभाई उठून उभे राहिले. हेच तर त्यांना कुणीतरी विचारायला हवं होतं. डाव्या हातात वही उघडून ते सांगायला लागले, भोकापासून, पायरीपासून, निळ्या पाण्यापासून. पाइपापर्यंत आले तेवढ्यात बाई म्हणाल्या, “एक मिनिट मिस्त्री, दुसरा फोन येतोय.”

ते वही धरून थांबले. चांगली पाच मिनिटं. मग फोन खिशात टाकला आणि दुसऱ्या ट्रकची केबिन उचलून आधी होजपाइप सोडवायला लागले.