चिंगीची टोपी आणि वहिनीचा ब्रेक

माझी वहिनी गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक आहे. वर्षानुवर्षं तो दाबून तिच्या उजव्या पायाला खोडच लागली आहे. भावाच्या स्कूटरवर मागे बसली तरी हिचा पाय दाबलेलाच. "माझ्या संसाराला हिनंच ब्रेक लावलाय," भाऊ म्हणतो. "म्हणून तर अजून खड्ड्यात गेला नाहीत," ती म्हणते.

शिकाऊ माणसानं गाडी नाल्यात घातली तरी आवाज न चढवणारी ही बाई बाळंतपणानंतर मात्र एका टोपीपुढे हरली.

चिंगी जन्मली तेव्हा तिला अंगावर पिताच येईना. दवाखान्यातल्या सिस्टरनी सिलिकॉनचं निपल शील्ड दिलं. पातळ, पारदर्शक, बाहुलीच्या टोपीएवढं. ते छातीवर बसवलं की चिंगी पटकन तोंडात धरायची. देवच पावला म्हणायचा! पण पुढे टोपीशिवाय ती तोंडच लावेना. टोपी धुवा, उकळा, बसवा, तोवर चिंगीची लाथ आणि टोपी पलंगाखाली. मग भाऊ रांगत शोधणार. एकदा तर ती त्याच्या चपलेत सापडली.

सिस्टर म्हणाल्या, "वजन छान वाढतंय. घाई नको, टोपीशिवाय थोडं थोडं पाजून बघा."

वहिनीनं मनावरच घेतलं. चिंगीला कडकडून भूक लागली की टोपी न लावता जवळ घ्यायची. तिचा हिशेब सरळ होता, भूक असली की झक मारत पिईल. पण चिंगी कसली पिते! लालबुंद होऊन, पाठ ताणून, शेजारपाजार गोळा होईल असा टाहो. इकडे वहिनीचा पाय फरशीत रुतलेला. शेवटी टोपी लावावीच लागायची.

"ताई," एक दिवस ती मला म्हणाली, "हिला मी नकोच आहे. टोपी हवी. मी नुसती टोपी अडकवायची खुंटी." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

आई म्हणाली, "वेडी का तू? तुझा नवरा शाळेत जाईपर्यंत अंगठा चोखायचा. सुटला ना?"

"आई, हे आत्ता सांगायलाच हवं का?" स्वयंपाकघरातून भाऊ ओरडला.

वहिनी हसली, पण डोळे पुसतच. मी सहसा देवाकडे काही मागत नाही. त्या दिवशी हात जोडताना मागितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टोपी लावून पाजणं चाललं होतं आणि तिच्याकडे शिकणाऱ्या शिंपीकाकांचा फोन आला. मी तो तिच्या कानाशी धरला. काकांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"बाई, गाडी चढावर बंदच पडते हो!"

"काका, चढावर न्यायला सांगितलं कुणी? आधी सपाट रस्ता. गाडी लयीत आली, हातपाय सैल पडले, की मग पुढचं. पहिल्यालाच चढावर घातलं तर कुणीही घाबरणारच."

फोन ठेवला आणि वहिनी चिंगीकडे बघतच राहिली. "ताई, मीसुद्धा हिला रोज चढावरच घालतेय की!"

पान्हा चांगला फुटला होता. चिंगीची मूठ सैल पडलेली, डोळे अर्धे मिटलेले. वहिनीनं बोटानं तिची पकड हळूच सोडवली, टोपी काढली आणि तिला लगेच परत जवळ घेतलं. चिंगीनं तोंड वाकडं केलं.

"झाला आता भोंगा सुरू," आई पुटपुटली.

पण दुधाचा थेंब ओठावर पडला. तो चाटून चिंगीनं नाक घासलं, मोठा आ वासला आणि धरलं! चार-पाच घोट घेतले, आम्हाला ते ऐकू आले. मग सोडून, जांभई देऊन, झोपली.

पुढे कधी जमायचं, कधी बिनसायचं. बिनसलं की वहिनी मुकाट टोपी लावायची. "आज सपाट रस्ता," म्हणायची. आता ती रडत नव्हती.

एका सकाळी भाऊ उकळलेली टोपी वाटीत घेऊन लगबगीनं आला आणि दारातच थबकला. चिंगी आज पहिल्या घोटापासूनच टोपीविना पीत होती.

"ही कुठे ठेवू?" त्यानं विचारलं.

"श्श! गाडी चालू आहे," वहिनी कुजबुजली.

मी खाली बघितलं. तिचा उजवा पाय अधांतरी होता आणि अंगठ्यावर चप्पल झुलत होती.