तांबडीचं दुखणं

मी खुराड्याचं दार उघडलं तेव्हा तीन कोंबड्या मिळून चौथीला जिवंत खात होत्या. तांबडी भिंतीला तोंड लावून उभी होती. तिची मागची जागा उलटून बाहेर आली होती, लिंबाएवढा ओला लाल गोळा, आणि बाकीच्या त्यावर चोची मारत होत्या. मी हाताला लागली ती तुराटी घेऊन सगळ्यांना झोडपून काढलं.

बाजेवर बसलेले मामंजी, माझे सासरे, म्हणाले, "जल्दी कापा. मेल्यावर खाता येत न्हाई."

"तिला कोणी हात लावायचा नाही," मी म्हणाले. माझं तोंड तिखट आहे, हे मंठ्याच्या बाजारापर्यंत माहीत आहे. तांबडी सासूबाईंची होती. त्यांना मी आत्याबाई म्हणते. तिला त्यांनी मांजराच्या तोंडातून सोडवून वाढवलं होतं. या घरात त्यांची स्वतःची म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट होती, आणि ती मला वाचवायची होती.

"परवापर्यंत पाहतो," मामंजी म्हणाले. "मंग सुरी."

मोबाइलवर उपाय सापडला. कोमट पाण्यानं धुवा, साखर लावा म्हणजे सूज उतरते, मग तेलाच्या बोटानं आत ढकला. सांगायला सोपं. तांबडीनं माझं मनगट फोडलं. मी ढकलायचे आणि ती कण्हून दुप्पट बाहेर टाकायची. माझ्या बोटांना रक्त लागलं, कोणाचं ते कळेना. मी तिलाच आईबहिणीवरून शिव्या घातल्या.

आत्याबाईंनी मला बाजूला सारलं. "ती जोर लावती तव्हा ढकलू न्हाई. दम सोडू दे. आता बघ." दोन बोटं, थोडं तेल, आणि गोळा आत गेला. कुठे शिकलात म्हणून विचारलं तर "येतं," एवढंच म्हणाल्या.

तांबडीला डाल्याखाली झाकलं, वर पोतं टाकलं. दाणा कमी द्या, नाहीतर ती अंडं घालेल, असंही मोबाइलमध्ये सांगितलं होतं. पण आमच्याकडे अशक्त जिवाला कोणी उपाशी ठेवत नाही. मी तिला बाळंतिणीसारखं तूप कालवलेली बाजरी मूठमूठ चारली. दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली, तर मी शेजारणींना बोलावून दाखवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंडं घातलं. त्याच्याबरोबर सगळंच बाहेर आलं. तडफडताना डालं उलटलं असावं. मी गोठ्यातून धावत आले तोवर बाकीच्यांनी तिचं आतडं अंगणात ओढत नेलं होतं आणि त्यावरून आपसात भांडत होत्या.

माझं डोकं फिरलं. कुदळीचा दांडा उचलला आणि घातला. एका तलंगीची मान मोडली, बिचारीनं अजून पहिलं अंडंही घातलं नव्हतं. ती मेली तरी मी मारतच होते. चिखल आणि पिसं एक झाली.

आत्याबाईंनी माझा हात धरला. "त्यांला कामून मारती? मुक्या जिवाला काय कळतं. लाल दिसलं का टोचतेत." मग त्यांनी तांबडीला उचललं, अजून धुगधुगी होती, आणि एका हिसक्यात तिची मान पिरगाळली. तिला मांडीवर घेऊन तिथंच बसल्या.

"माझं बी अंग बाहेर येतं," त्या म्हणाल्या. "धाकट्याच्या वक्ताला चौथ्या दिशी खुरपायला गेल्ते, तव्हापून. रोज माझी मीच आत ढकलून राह्यले. ह्यांच्या पाया पडले, दुखतं म्हनून. तरी सोडलं न्हाई कधी. त्यांला तर कळत व्हतं."

धाकटा दीर आज दोन लेकरांचा बाप आहे. आणि हंडा उचलत नाहीत म्हणून मी या बाईला चारचौघीत कामचोर म्हणाले होते. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

मामंजी आले. दोन मेलेल्या कोंबड्या बघून खूश झाले. "चल, मसाला वाट. पाट्यावर वाट, मिक्सरचा नको." आत्याबाई गुडघ्यावर हात टेकून निमूट उठायला लागल्या.

"त्या नाही वाटणार," मी मध्ये उभी राहिले. मामंजींनी हात उगारला. दांडा अजून माझ्या हातात होता, पिसं चिकटलेला.

"मारा," मी म्हणाले. "माराच, मामंजी."

मोठेपणा सांगत नाही. त्यांनी मारावं असं मला मनापासून वाटत होतं, म्हणजे मला थांबावं लागलं नसतं. त्यांनी हात खाली घेतला आणि परत बाजेवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी वाटूरच्या फाट्यावरून जीप धरून आत्याबाईंना जालन्याला नेलं. डॉक्टरबाईंनी तपासायला खूप वेळ घेतला. ऑपरेशन करावं लागेल, म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं, "आणि त्यानंतर तीन महिने मालकांना जवळ येऊ द्यायचं नाही."

आत्याबाईंनी मान वर केली.

"हे कागदावर लिहून द्याल का, बाई?"

डॉक्टरबाईंनी पेन उघडलं. आत्याबाई टेबलावर वाकल्या. त्यांना वाचता येत नाही, तरी प्रत्येक अक्षराकडे बघत होत्या.

"तीनच म्हैने कामून लिव्हता?" त्या म्हणाल्या. "जलमभराचं लिव्हा."